व्हील कॅप काढायची, बसवायची, तर आधी वॉल बघा

अमळनेरहून धरणगावच्या रस्त्याला लागले की माझ्या गाडीच्या डाव्या अंगाने आवाज यायचा. टक, टक, टक. वेग घेतला की ऐकू येईनासा व्हायचा, गाव आलं आणि गाडी हळू झाली की पुन्हा सुरू. खडा अडकला असेल म्हणून मी आठवडाभर सोडून दिलं. मग एका सकाळी शाळेला निघताना बघते तर पुढचं डावं चाक पार बसलेलं.

पंक्चर काढणाऱ्या आबांनी चाक फिरवून फिरवून पाहिलं. खिळा नाही, काच नाही. मग त्यांनी व्हील कॅप ओढून काढली, हवा भरायच्या वॉलवर ओलं बोट फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. वॉलच्या रबरी मानेवर नखाच्या टोकाएवढी चंद्रकोर कापली गेली होती आणि तिच्यावर एक बारीक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, परत फुगत होता. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात टायर अदलाबदल केले होते, तेव्हा कॅप घाईघाईत थापटून बसवली होती. कॅपच्या आतली तारेची रिंग फिरलेली राहिली, तार वॉलवर टेकली आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं रबर खात गेली.

आबा एवढंच म्हणाले, “ताई, पहिले वालनं तोंड देखा, मंग कॅप बसाडा.”

तेव्हापासून माझ्या गाडीच्या चारही कॅप मीच काढते आणि मीच बसवते. शाळेतल्या दोघीतिघींनी नव्याने गाड्या घेतल्या, त्यांनाही शिकवलं. पहिल्यांदा गाडी हाताळणाऱ्या कुणालाही जमावं, असं सगळं इथे लिहिते आहे.

कॅप कशाने धरली आहे?

ओढाताण करण्याआधी हे ओळखा. लोखंडी रिमवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या कॅप साधारण दोन तऱ्हेच्या असतात.

पहिली क्लिपांची. कॅपच्या पाठीला गोलाकार उभ्या क्लिपा असतात आणि त्या सगळ्यांमधून स्टीलच्या तारेची एक रिंग फिरवलेली असते. ही रिंग स्प्रिंगसारखी क्लिपांना बाहेर दाबून धरते, क्लिपा रिमच्या आतल्या कडेला पकडतात आणि कॅप बसते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना हीच असते. ही काढायला जॅक लागत नाही, नटाला हात लावावा लागत नाही.

दुसरी नटांखाली दाबलेली. कॅपच्या भोकांमधून खरे लोखंडी नट दिसतात आणि प्लास्टिकची कड नटाखाली चेपलेली असते. ही ओढून निघणार नाही, जोर केला तर फुटेल. हिला नट काढावेच लागतात, म्हणजे चाक बदलताना करतो ते सगळं आलं. गोंधळ होतो तो खोट्या नटांमुळे. काही क्लिपांच्या कॅपवर शोभेचे प्लास्टिकचे नट असतात. नखाने टकटक करून बघा, प्लास्टिक लगेच कळतं.

अलॉय व्हील असेल तर मध्ये फक्त छोटी गोल टोपी असते, तिचा विषय वेगळा.

तयारी

चपट्या तोंडाचा एक स्क्रू ड्रायव्हर, फाटक्या सुती गमछाचा तुकडा, जुना टूथब्रश, पाण्याची बाटली, थोडं साबणाचं पाणी, टॉर्च आणि खडू. काही गाड्यांच्या टूलकिटमध्ये कॅप ओढायचा तारेचा आकडा असतो. तुमच्याकडे असेल तर तोच वापरा. खडू कशाला, ते पुढे कळेल.

गाडी सपाट जागी, सावलीत लावा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. चाकाला दगड लावला तर उत्तम. सावलीचा आग्रह मी उगाच धरत नाहीये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीची रिम हाताला चटका देते आणि कॅपचं प्लास्टिक नरम पडलेलं असतं. नरम कॅप ओढली की वाकडी होते आणि ती वाकडीच राहते. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुळ्यात पारा १० च्या खाली जातो. त्या वेळी प्लास्टिक कडक असतं आणि क्लिप काडीसारखी मोडते. हिवाळ्यात हे काम ऊन वर आल्यावरच करावं.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावात आलात आणि लगेच चाकाशी बसलात, असं करू नका. ब्रेक तापलेले असतात आणि ती धग रिममध्ये उतरते. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

काढणे

आधी वॉल कुठे आहे ते शोधा. कॅपच्या एका फटीतून किंवा भोकातून तो बाहेर डोकावत असतो. आता खडूने टायरवर, वॉलच्या बरोबर समोर, एक रेघ ओढा. दुसरी रेघ कॅपवर, वॉलच्या भोकापासून कडेपर्यंत. दोन्ही रेघा एका सरळ ओळीत यायला हव्यात. परत बसवताना कॅप चाकाजवळ नेली की मागचा वॉल दिसत नाही, तेव्हा या दोन रेघाच वाट दाखवतात. खडूची सवय मला वर्गातली, पण पंक्चरच्या दुकानात आबांनीही ती उचलली.

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला गमछा गुंडाळा. सुरुवात वॉलच्या समोरच्या बाजूने करायची, म्हणजे वॉल सहाच्या काट्यावर असेल तर बाराच्या काट्यावरून. वॉलच्या भोकात टोक घालून कधीच उचकटू नका, तिथलं प्लास्टिक सगळ्यात नाजूक असतं आणि मागे वॉल असतो.

टोक कॅप आणि रिम यांच्या मधल्या फटीत घाला. रिम आणि टायर यांच्या मध्ये नाही. ही चूक नवख्या हातून हमखास होते, कारण दोन्ही फटी एकमेकींच्या जवळ असतात. ट्यूबलेस टायरची हवा त्या दुसऱ्या फटीतल्या कडेवरच अडलेली असते, तिला इजा झाली तर दुखणं वाढतं. फट नीट दिसत नसेल तर टॉर्च मारा.

टोक आत गेलं की पहारीसारखं उचकटायचं नाही, मनगटाने नुसतं पिळायचं. ‘टप’ असा आवाज येईल, एक क्लिप सुटली. वितभर पुढे जा, तसंच करा. अर्ध्या गोलावर तीन-चार ठिकाणी सुटली की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि कॅप दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे सरळ ओढा. खाली नाही, तिरकी नाही. तिरकी ओढली तर शेवटी वॉलवर अडकून त्याला वाकवते. कॅप एकदम सुटते, म्हणून तोंड जवळ नेऊ नका.

कॅपच्या पाठीवर मार्करने लिहून टाका, ‘डा. पु.’, ‘उ. मा.’ वगैरे. काही डिझाइनच्या कॅप उजव्या-डाव्या वेगळ्या असतात आणि तसं नसलं तरी प्रत्येक कॅप आपल्या चाकाला सरावलेली असते.

नटांखालची कॅप असेल तर आधी जमिनीवरच नट थोडे सैल करा, मग कंपनीने दाखवलेल्या जागीच जॅक लावा. शेतरस्त्यावर, काळ्या मातीत, जॅकखाली जाड फळी हवीच. वरून कोरडी दिसणारी आपली माती आत ओली असते आणि जॅक बघता बघता तिरका होतो. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा आणि गाडी उचललेली असताना हात-पाय खाली घालू नका.

कॅपमागे काय काय सापडतं

बहुतेक लोक कॅप काढतात, पुसतात आणि परत लावतात. मला वाटतं सगळ्यात मोलाचं काम इथेच आहे, कारण कॅपमागे जे झाकलेलं असतं ते एरवी आपण बघतच नाही.

पहिली माती. पावसाळ्यात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांमधून किंवा कपाशीच्या शेतातून गाडी काढली असेल तर कॅप आणि रिमच्या पोकळीत काळा चिखल भरतो. ओला असतो तोवर कळत नाही. दसऱ्याच्या सुमाराला तो वाळतो आणि भाजल्या विटेसारखा घट्ट होतो. चाकाच्या एकाच बाजूला असा गोळा बसला की ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करायला धावतो. आधी हा गोळा भिजवा, लाकडाच्या चपटीने खरवडा, पाणी मारा. रिमच्या आतल्या बाजूलाही हात फिरवा. कॅपला रिमबाहेर ढकलतो तोही हाच गाळ. कॅप परत परत सैल होत असेल तर संशय आधी मातीवर घ्या.

मग नट. एखाद्या नटाच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला तांबूस गंजाचा फराटा गेलेला दिसला तर तो नट सैल असण्याची शक्यता मोठी. चाक जमिनीवर असतानाच पान्याने तपासा, ओळीने न जाता समोरासमोरचे नट आवळत. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर एवढी आवळण सांगितलेली असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. पान्यावर उभं राहून आवळू नका, त्याने आटे खराब होतात आणि रस्त्यात पंक्चर झालं की तोच नट सुटत नाही. आणि हे विसरू नका: कॅप सैल असली तरी टकटक येते आणि नट सैल असले तरी येते. आवाज आला की कॅपवर खापर फोडण्याआधी नट बघा.

आता वॉल. ट्यूबलेस चाकाचा वॉल रबराचा असतो आणि रिमच्या भोकात दाबून बसवलेला असतो. आपल्या उन्हात हे रबर आधी मरतं. अंगठ्याने वॉल हलकेच एका बाजूला वाकवा आणि बुडाशी बघा. बारीक भेगा उघडतात का? मानेवर कापल्याची खूण आहे का? साबणाचं पाणी लावून थांबा, बुडबुडा आला तर वॉल बदलायचाच. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो, म्हणून ते काम दुकानातच. नवीन टायर टाकताना वॉलही नवा टाकायला सांगा, खर्च किरकोळ असतो. वॉलची छोटी टोपी हरवली असेल तर आजच बसवा, आपल्याकडच्या धुळीत ती नसली की वॉलच्या पिनेत माती जाते.

रिमच्या कडेला बॅलन्सिंगची वजनं ठोकलेली दिसतील. एखादं वजन नेमकं कॅपच्या कडेखाली येतं, तिथे कॅप उचललेली राहते आणि पुढच्या खड्ड्यात सुटते. वजन काढू नका, चाकाचा तोल जाईल. दुकानात सांगून त्या जागी आतल्या बाजूने चिकटणारी वजनं लावून घ्या. रिमची कड खड्ड्यात चेपली असेल तर त्या जागी कुठलीच कॅप धरणार नाही, आधी रिम सरळ करावी लागेल.

रिंग आणि क्लिपा

कॅप उलटी करून गमछावर ठेवा. रिंग नीट बघितली तर एका ठिकाणी तिला इंग्रजी यू अक्षरासारखं वळण दिलेलं असतं. हे वळण वॉलसाठी. तार वॉलला वळसा घालून जावी म्हणून ते दिलेलं असतं आणि ते कॅपवरच्या वॉलच्या भोकासमोरच यायला हवं. काही कॅपच्या पाठीवर वॉलची जागा बाणाने किंवा चित्राने कोरलेलीही असते.

माझ्या चाकाचं झालं ते यातूनच. रिंग फिरून वळण भलतीकडे गेलं होतं आणि तारेचा सरळ भाग वॉलला टेकला होता. समोरून बघितलं तर वॉल भोकातून बाहेर दिसत होता, म्हणून बसवणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असणार. तेव्हा समोरून बघून समाधान मानू नका, पाठ बघा.

रिंग एखाद्या क्लिपेतून निसटली असेल तर बोटाने दाबून खाचेत परत बसवा. गंज चढला असेल तर ब्रशने झाडा, पुसा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ धरते आणि पकड सुटते. काही कॅपच्या क्लिपांना दोन खाचा असतात, रिंग बाहेरच्या खाचेत घातली की कॅप थोडी घट्ट बसते. सगळ्या क्लिपांवर एकच खाच निवडा.

एखादी क्लिप मोडली असेल तर कॅप चालते. शेजारशेजारच्या दोन मोडल्या असतील तर बदला, कारण तेवढ्या भागात तिला धरायला काहीच उरत नाही.

बसवणे

रिमची कड कोरडी पुसून घ्या. वॉल सरळ उभा आहे ना, बघा. त्याच्या टोपीला बोट लावून खात्री करा.

कॅप उचला. कॅपवरची खडूची रेघ टायरवरच्या रेघेसमोर आणा. आता फक्त वॉलची बाजू टेकवा आणि वॉल भोकात शिरू द्या. तो भोकाच्या मध्यावर आहे का? एका कडेला घासतोय असं वाटलं तर दाबू नका. कॅप परत घ्या, थोडी फिरवा, पुन्हा टेकवा. सगळ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते.

वॉल मध्यावर आला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा तळहाताने दाबा. मग एक हात तिथेच टेकवून ठेवा, नाहीतर दुसरीकडे दाबताना ही बाजू उसळते. दुसऱ्या हाताने डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं असं वर वर जा. शेवट वॉलच्या समोरच्या बाजूला होईल आणि तिथे जोर लागेल. तळहाताच्या टाचेने एक नेटका धक्का द्या. रबरी हातोडी असेल तर हलकेच. लोखंडी हातोडी, दगड, बुटाची लाथ यांपैकी काही नको.

सगळीकडून बसली की कॅपच्या कडेवरून बोट फिरवा, सर्वत्र सारखी फट लागली पाहिजे. कुठे उचललेली वाटली तर त्या जागी खाली वजन आहे, माती आहे किंवा क्लिप दुमडली आहे. काढा, बघा, परत बसवा. दोन्ही हातांनी कड धरून हलवा, कॅप आपली आपण डुगडुगता कामा नये.

शेवटी वॉलची टोपी काढून हवा मोजायच्या यंत्राचं तोंड बसतं का पाहा. ते अडत असेल तर पंपावरचा पोरगा वॉल ओढून वाकवेल आणि इतकी मेहनत वाया जाईल. हवाही तेव्हाच तपासा, चाक थंड असताना. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

पहिले काही किलोमीटर

काचा खाली करा आणि एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर गाडी हळू चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे बारीक टकटकही ऐकू येते. दहाएक किलोमीटर गेल्यावर उतरून कॅप हाताने ओढून बघा. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नट काढले असतील तर त्याच वेळी नटही पान्याने तपासा.

आपल्याकडे अनेक गाड्यांच्या कॅपला प्लास्टिकच्या केबल टायने रिमला बांधलेलं दिसतं. हा उपाय वाईट नाही, मीही सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना केला होता, गर्दीत आणि खडबडीत रस्त्यावर कॅप हरवू नये म्हणून. पण टाय वॉलपासून दूर, समोरासमोर दोनच लावा. तो कॅपच्या फटीतून आणि रिमच्या भोकातून घ्या, गाठ अशी ठेवा की आत ब्रेकच्या कुठल्याही भागाला लागणार नाही, आणि उरलेली शेपटी कापून टाका. चाक उचलून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहिलंत तर मनात शंका राहत नाही. गाडीत एक छोटी कातरी किंवा चिमटा ठेवा, पंक्चरच्या वेळी टाय कापायला लागतो. न बसणारी कॅप टायने जबरदस्तीने बांधू नका, ती आतून वॉलला घासतच राहते.

कॅप बदलायची वेळ आली तर टायरवरचा आकडा वाचा. १६५/८० आर १४ असं असेल तर १४ इंची कॅप. ऑल्टो ८०० ला १२ इंची लागते, डिझायरच्या खालच्या मॉडेलला १४ इंची. एक इंच इकडेतिकडे चालत नाही. दुकानात जुनी कॅप सोबत न्या, वॉलच्या भोकाची जागा आणि रिंगचं वळण ताडून बघा, आणि दुकानदार बसवून देत असेल तर शेजारी उभं राहून वॉलकडे लक्ष ठेवा.

हिवाळ्यात शेतात भरिताच्या पार्टीला जायचं असेल, वाट दगडाधोंड्यांची असेल, तर मी आदल्या संध्याकाळी चारही कॅप काढून ठेवते. कापडात गुंडाळून डिकीत, आडव्या, वर कसलंही वजन न ठेवता, आणि गाडी उन्हात उभी राहणार असेल तर जाड पोत्याखाली. परत डांबरी रस्त्याला लागले की घरी येऊन, चाकं धुऊन, मगच बसवते. डिकी उघडलीच आहे तर तेव्हाच स्टेपनीची हवाही मोजते.